संगीतासाठी संगणक घेताना : कोअर किती आणि रॅम किती?

(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या मेळाव्यात आजवर स्पर्धा परीक्षा, शिष्यवृत्त्या, शैक्षणिक कर्जे अशा विषयांवर भाषणे झाली. मला दिलेला विषय थोडा निराळा आहे. आपल्या गायन पथकातील मुलामुलींनी संस्थेकडे अर्ज केला आहे की, गाणी ध्वनिमुद्रित करण्यासाठी संस्थेने एक संगणक घ्यावा. अर्जासोबत एका दुकानाचे कोटेशन जोडले आहे. त्यावर ठळक अक्षरांत ‘दहा कोअर’ असे लिहिले आहे. त्याखाली आठ जीबी रॅम, आणि त्याखाली ग्राफिक्स कार्डाचे वेगळे पैसे. कार्यकारिणीच्या बैठकीत एका ज्येष्ठ सदस्यांनी साधा प्रश्न विचारला, “दहा कोअर म्हणजे नेमके काय, आणि आपल्या ढोलकीला ते कशाला लागतात?” त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचे काम माझ्याकडे आले.

मी अभियंता नाही. कला शाखेचा पदवीधर, पोटापाण्यासाठी बँकेत कारकून. पण पेटी वाजवतो, आणि रात्री जेवणे आटोपल्यावर घरच्या संगणकावर गाणी मुद्रित करण्याचा नाद गेली बारा वर्षे आहे. त्यासाठी जी माहितीपुस्तके वाचावी लागली, ज्या चाचण्या करून पाहिल्या, त्यांच्या आधारावर बोलतो. उदाहरणे मात्र बँकेतलीच देणार, कारण मला दुसरी येत नाहीत.

आधी हे समजून घेऊ की, रीपर, क्यूबेस, एफएल स्टुडिओ, लॉजिक यांसारखी संगीताची सॉफ्टवेअर संगणकाकडून काम तरी कोणते करून घेतात. पूर्वी कॅसेटच्या काळात पुष्कळदा सारे पथक एका-दोन माइकसमोर बसे आणि एका दमात गाणे होई. कोरसमधले कोणी चुकले की पुन्हा पहिल्यापासून. आता प्रत्येक आवाज वेगळ्या ट्रॅकवर घेता येतो. मुख्य गायिका एका ट्रॅकवर, पेटी दुसऱ्यावर, ढोलकी, झांज, कोरसचे चार गळे आपापल्या ट्रॅकवर. मग प्रत्येक ट्रॅकवर प्लगइन लावतात. एक प्लगइन खरखर काढतो, दुसरा आवाजाचा जाडेपणा-पातळपणा बदलतो, तिसरा चढउतार आटोक्यात ठेवतो, चौथा सभागृहासारखा घुमारा देतो. शेवटी सारे ट्रॅक एका ठिकाणी मिसळून गाणे तयार होते. हे सगळे गणित आहे. सीडीच्या दर्जाच्या आवाजात दर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात आणि प्रत्येक नमुन्यावर, प्रत्येक ट्रॅकवर, प्रत्येक प्लगइनची बेरीज-गुणाकार चालू असते.

आता यातली खरी अडचण. हे गणित नुसते व्हावे लागत नाही, ठरल्या वेळेच्या आत व्हावे लागते.

मी नोकरीला लागलो तेव्हा धनादेशांची पिशवी रोज ठरल्या वेळी क्लिअरिंग हाउसला पोहोचवावी लागे. पिशवी पाच मिनिटे उशिरा पोहोचली तर ती त्या दिवशी पोहोचली नाही, असाच त्याचा अर्थ. आत किती सुबक काम केले आहे याला किंमत नाही. संगीताच्या संगणकाचे तसेच आहे. तो नमुने एकेक करून पाठवत नाही, त्यांचे गठ्ठे करतो. या गठ्ठ्याला बफर म्हणतात. बफर १२८ नमुन्यांचा ठेवला तर एक गठ्ठा म्हणजे सुमारे २.९ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला जवळजवळ ३४५ वेळा पिशवी सुटते. त्यातली एक जरी चुकली तरी कानाला ‘टक्’ असा आवाज येतो. दोन-चार लागोपाठ चुकल्या तर गाणे फाटल्यासारखे वाटते. चित्रफीत तयार करणारा संगणक हळू असला तर दहा मिनिटांच्या कामाला पंधरा लागतात, चित्र बिघडत नाही. मुद्रण चालू असताना मात्र संगणक हळू पडला तर त्या क्षणीच बिघडते. म्हणून चित्रफितीसाठी चांगला ठरलेला संगणक संगीतालाही चांगला असेलच, असे समजू नये.

मग बफर मोठा का ठेवू नये? तसा ठेवता येतो, पण गायिकेचे हाल होतात. ती हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज संगणकातून फिरून आलेला ऐकत असते. आत जाताना एक गठ्ठा, बाहेर येताना एक गठ्ठा, म्हणजे उशीर दुप्पट धरा, वर थोडा यंत्रांचा. बफर १,०२४ नमुन्यांचा असेल तर हा उशीर ४६ मिलिसेकंदांच्या पुढे जातो. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. या हिशेबाने तिला आपलाच आवाज पंधरा-सोळा मीटर दूरून आल्यासारखा ऐकू येणार. अशात लय सांभाळून दाखवा! बफर २५६ ठेवला तर हेच अंतर चार मीटरवर येते, आणि पथकात चार मीटरवर बसलेल्या ढोलकीवाल्याबरोबर गाणे आपल्याला जमतेच. थोडक्यात, गाताना-वाजवताना बफर लहान हवा आणि संगणक चपळ हवा. नंतर मिश्रणाच्या वेळी कोणी गात नसते, तेव्हा बफर बिनदिक्कत १,०२४ करावा. ही एक सवय लावून घेतली तर कित्येकांना नवा संगणक घ्यावाच लागणार नाही.

आता कोअरकडे वळू.

कोअर म्हणजे प्रोसेसरच्या आत बसलेला एक स्वतंत्र हिशेबनीस. पूर्वी चिपमध्ये एकच असे आणि कंपन्या त्याचाच वेग वाढवत नेत. २००४ साली इंटेलचा पेंटियम ४ हा ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोहोचला आणि तिथे गाडी अडली. चिप इतकी तापू लागली की, ४ गिगाहर्ट्झची जाहीर केलेली चिप कंपनीने त्याच वर्षी रद्द केली. एकाला अधिक पळवता येत नाही म्हणून मग दोन बसवले. २००५ मध्ये इंटेल आणि एएमडी या दोघांच्याही दोन कोअरच्या चिपा सर्वसामान्यांच्या संगणकात आल्या. पुढे चार, सहा, आठ, सोळा. म्हणजे कोअरची संख्या वाढली ती संगीतकारांनी मागणी केली म्हणून नव्हे, दुसरा रस्ता बंद झाला म्हणून.

कारकून वाढवले की काम लवकर होते का? होते आणि नाहीही होत. जुन्या पद्धतीत एक धनादेश कसा फिरे ते ज्येष्ठांना आठवत असेल. काउंटरवर घेऊन टोकन द्यायचे, लेजरला नोंद करायची, अधिकाऱ्याने सही ताडून पास करायचा, मग रोखपालाने पैसे मोजायचे. नोंद झाल्याशिवाय पास करता येत नाही आणि पास झाल्याशिवाय पैसे देता येत नाहीत. अशा एका धनादेशामागे दहा कारकून लावले तरी नऊ जण बघत बसतील. पण चाळीस धनादेश आले असतील, तर दहा कारकून निश्चित उपयोगी पडतात.

ट्रॅक म्हणजे धनादेश आणि प्लगइन म्हणजे त्यावरील टप्पे. गायिकेच्या ट्रॅकवर सहा प्लगइन एकापुढे एक लावले, तर दुसऱ्याला पहिल्याचे उत्तर हाती आल्याशिवाय काम सुरू करता येत नाही. ही साखळी साधारणपणे एकाच कोअरवर चालते. चोवीस ट्रॅक असतील तर सॉफ्टवेअर ते निरनिराळ्या कोअरना वाटून देते. पण सगळे ट्रॅक शेवटी ज्या मुख्य वाहिनीत मिळतात, तिथे पुन्हा एकच रोखपाल. तिथे कोणी हौसेने पाच-सहा जड प्लगइन लावून ठेवले, की मागे कितीही कोअर असोत, रांग तिथेच लागते.

जीन अमडाल या संगणकतज्ज्ञाने १९६७ मध्येच हा मुद्दा मांडला होता आणि त्याचा हिशेब कोणीही कागदावर करू शकतो. समजा, कामाचा एक चतुर्थांश भाग असा आहे की, तो वाटून देता येत नाही. मग चार कोअरनी काम २.२९ पट वेगाने होईल, आठांनी २.९१ पट, आणि सोळांनी ३.३७ पट. आठावरून सोळावर गेलो, कोअर दुप्पट झाले, आणि वेग वाढला सोळा टक्क्यांच्या आसपास. कोअर हजार केले तरी चारपटीच्या पुढे जाता येणार नाही. दुकानातल्या पाटीवर हे लिहिलेले नसते.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण मुले हमखास तिथे फसतात. गाणे ‘टक् टक्’ करू लागले की मुले टास्क मॅनेजर उघडतात. तिथे प्रोसेसरचा वापर दिसतो पंधरा-वीस टक्के. मग म्हणतात, “दादा, संगणक तर रिकामाच आहे, बिघाड दुसरीकडे असणार.” तो आकडा सरासरीचा आहे. शाखेत बारा खिडक्या आहेत, अकरा रिकाम्या आणि एकीवर रांग रस्त्यापर्यंत गेली आहे. सरासरी काढली तर शाखा आठ टक्के व्यग्र. रांगेतल्या माणसाला ही सरासरी सांगून पाहा. टास्क मॅनेजरमधल्या आलेखावर उजवी टिचकी मारून प्रत्येक लॉजिकल प्रोसेसरचा आलेख वेगवेगळा दाखवायला सांगा, म्हणजे कोणती खिडकी तुंबली आहे ते निदान काही वेळा तरी नजरेस येते. सॉफ्टवेअरचा स्वतःचा मापक याहून अधिक भरवशाचा. रीपरमध्ये कामगिरीच्या खिडकीत ‘आरटी’ या नावाने एक वेगळा आकडा असतो, तो वेळेच्या मर्यादेचा. तो शंभराकडे जाऊ लागला की सावध व्हावे.

आता आपल्या कोटेशनवरचे ‘दहा कोअर’. खाली बारीक अक्षरांत चिपचे नाव आहे, कोअर आय फाइव्ह १२३५यू. लॅपटॉपसाठीची ही चिप २०२२ मध्ये बाजारात आली. तिच्यात दहा कोअर आहेत हे खोटे नाही. पण त्यातले मोठे कोअर दोनच आहेत आणि आठ लहान. इंटेलने २०२१च्या अखेरीस आलेल्या बाराव्या पिढीपासून हा प्रकार घरगुती आणि कचेरीतल्या संगणकांत रूढ केला. थोडे कोअर दमदार आणि थोडे वीज वाचवणारे, वेगाने कमी. त्याच २०२२ सालची डेस्कटॉपसाठीची चिप आहे कोअर आय फाइव्ह १२४००. तिच्यात सहाच कोअर, पण सहाही मोठे. एएमडीच्या रायझेन ५ ५६०० मध्येही सहा आणि सगळे एकसारखे. पाटीवर दहा विरुद्ध सहा दिसते. प्रत्यक्षात दोन पहिलवान आणि आठ शाळकरी मुले एका बाजूला, आणि सहा पहिलवान दुसऱ्या बाजूला.

शिवाय पहिल्या चिपचा वीजवापर मुळात १५ वॅटचा धरला आहे, दुसरीचा ६५ वॅटचा. पातळ लॅपटॉप थोडा वेळ जोरात पळतो, मग तापतो आणि स्वतःच वेग उतरवतो. पत्र लिहिताना हे जाणवत नाही. एप्रिल-मे महिन्यात, पत्र्याच्या खोलीत, माइकमध्ये पंख्याचा आवाज जातो म्हणून पंखा बंद करून दोन तास मुद्रण केले तर जाणवते.

चिपच्या माहितीत कोअरच्या शेजारी ‘थ्रेड’ असा आणखी एक आकडा असतो. सहा कोअर, बारा थ्रेड. एकच कारकून दोन खिडक्यांवर आळीपाळीने बघतो, इतकाच त्याचा अर्थ. थोडा फायदा होतो, दुप्पट होत नाही. गंमत अशी की वर सांगितलेल्या इंटेलच्या दोन्ही चिपांचे थ्रेड बाराच आहेत, म्हणून दुकानदार ‘दोन्ही सारख्याच’ असेही सांगू शकतो.

माझे मत विचाराल तर आपल्या पथकाच्या कामाला सहा मोठे कोअर पुरेसे आहेत, आठ असले तर चैन. दहा-बारा माणसांचे पथक, वीस-चोवीस ट्रॅक, प्रत्येकावर चार-पाच प्लगइन, याच्या पलीकडे आपले काम जात नाही. सोळा कोअर ज्यांना लागतात ते चित्रपटाचे पार्श्वसंगीत करणारे लोक, शे-दोनशे ट्रॅक मांडून बसणारे. आणि सहा कोअरही कधी कमी पडले, तर ट्रॅक ‘फ्रीझ’ करण्याची सोय जवळजवळ प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये आहे. प्लगइनसकट तो ट्रॅक एकदाच मुद्रित होऊन बसतो आणि नंतर प्रोसेसरवर त्याचा भार उरत नाही. धनादेश वटला, कागद फाइलला लागला. शिवाय जे ट्रॅक त्या वेळी थेट माइकवरून येत नाहीत, त्यांचे गणित थोडे पुढचे आधीच करून ठेवण्याची युक्ती रीपरसारखी सॉफ्टवेअर वापरतात. त्यामुळे घाईचे काम उरते ते फक्त गाणाऱ्याच्या ट्रॅकचे.

कोअरबद्दल एवढे बोललो, पण कोटेशनमधली मला सर्वांत खटकलेली गोष्ट कोअर नाही, रॅम आहे.

रॅम म्हणजे कारकुनाचे टेबल. हार्ड डिस्क किंवा एसएसडी म्हणजे रेकॉर्ड रूम. लेजर टेबलावर असले तर हात घातला की सापडते. टेबल लहान असले तर शिपाई प्रत्येक वेळी रेकॉर्ड रूमला जाणार, एक लेजर आणणार आणि जागा करण्यासाठी दुसरे परत नेणार. संगणकही रॅम संपली की डिस्कवर हाच खेळ सुरू करतो. आणि तोपर्यंत पिशवीची वेळ टळून गेलेली असते.

पण टेबल लागते कशाला, यातही समज-गैरसमज आहेत. पुष्कळांना वाटते की, जितके ट्रॅक मुद्रित करू तितकी रॅम लागेल. तसे नाही. २४ बिटांचा एक ट्रॅक दर सेकंदाला १,३२,३०० बाइट घेतो, मिनिटाला आठ एमबीच्या आसपास. पाच मिनिटांचे गाणे, चोवीस ट्रॅक, सारे मिळून एका जीबीच्याही आत. आणि तेही रॅममध्ये एकदम भरत नाहीत, डिस्कवरून वाजता वाजता वाचतात. सेकंदाला सव्वातीन एमबीसुद्धा नाही, साध्या एसएसडीला सेकंदाला पाचशे एमबी वाचता येतात. तेव्हा माइकसमोर खरी माणसे बसून गाणार-वाजवणार असतील, तर रॅमवर फारसा ताण नाही.

ताण येतो तो वाद्यांच्या नमुन्यांच्या संग्रहांमुळे. आपल्याकडे पियानो नाही, व्हायोलिनचा ताफा नाही, म्हणून मुले की-बोर्ड जोडून ती वाद्ये संगणकातून वाजवतात. यात प्रत्येक स्वर कोणी तरी खऱ्या वाद्यावर वाजवून मुद्रित केलेला असतो. पियानोच्या ८८ पट्ट्या, प्रत्येक पट्टी हलक्या हातापासून जोरापर्यंत दहा प्रकारे वाजवलेली, प्रत्येक स्वर दहा सेकंदांचा आणि स्टीरिओ, असे धरले तर एकट्या पियानोचे २.३ जीबी होतात. असे आठ-दहा संग्रह मांडले की टेबल भरले. यावर १९९८ मध्ये आलेल्या गिगासँपलरने एक सुरेख तोड रूढ केली. प्रत्येक स्वराची फक्त सुरुवात रॅममध्ये ठेवायची आणि तो वाजू लागला की उरलेला भाग डिस्कवरून आणायचा. प्रत्येक लेजरचे पहिले पान तेवढे टेबलावर. वरच्या पियानोचे ८८० नमुने, प्रत्येकाचे सुरुवातीचे ६० किलोबाइट, म्हणजे २.३ जीबीच्या जागी सुमारे ५३ एमबी. मात्र रेकॉर्ड रूम जलद हवी. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कला इकडून तिकडे धावत हे साधत नाही, म्हणून नमुने एसएसडीवरच ठेवावेत.

याउलट जे सिंथेसायझर प्लगइन स्वर गणिताने निर्माण करतात, त्यांना रॅम थोडी लागते आणि प्रोसेसर भरपूर. म्हणून ‘संगीताला रॅम किती?’ हा प्रश्न अर्धवट आहे. तुम्ही कोणते संगीत कसे करणार, हे आधी सांगितले पाहिजे.

आपल्या पथकासाठी आठ जीबी कमी आहे. विंडोज आणि मागे चालणारी किरकोळ कामेच त्यातले तीन-चार जीबी खाऊन टाकतात. ब्राउझर उघडा राहिला तर आणखी. सोळा जीबी योग्य. वाद्यवृंदाचे मोठे संग्रह वापरणारा कोणी पुढे निघाला तर बत्तीस. चौसष्टची भाषा आज करायला नको. आणि सोळा घेताना आठ-आठच्या दोन पट्ट्या घ्याव्यात, सोळाची एक नव्हे. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसर दोन्हींशी एकाच वेळी देवाणघेवाण करतो. त्यातही चार खाचांचा मदरबोर्ड मिळाला तर दोन खाचा पुढच्यासाठी रिकाम्या राहतील. रॅमचे भाव स्थिर नसतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठ्या केंद्रांकडे माल वळल्यामुळे २०२५च्या अखेरच्या महिन्यांत ते झपाट्याने चढले होते. अशा वस्तूत गरजेपुरते आज घ्यावे आणि जागा राखून ठेवावी. पट्टी घेताना डीडीआर ४ की डीडीआर ५ हे बोर्डावरून पाहून घ्या, एकीच्या खाचेत दुसरी बसत नाही.

लॅपटॉप घेणाऱ्यांनी आणखी एक चौकशी करावी. पुष्कळ पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डालाच डाखलेली असते, नंतर वाढवता येत नाही. ॲपलच्या नोव्हेंबर २०२० पासूनच्या एम मालिकेत तर जी रॅम घेतली तीच जन्मभर. त्या यंत्रांना मी नावे ठेवत नाही. २०२४ सालच्या मॅक मिनीत चार मोठे आणि सहा लहान असे दहा कोअर आहेत, कमीत कमी रॅम सोळा जीबी आहे, आणि तो आवाज जवळजवळ करत नाही. लॉजिक वापरायचे असेल तर मॅकशिवाय इलाज नाही. पण दुरुस्ती, वाढ, सुटे भाग हे सारे आपल्या गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याकडे व्हायला हवे असेल, तर साधा डेस्कटॉपच बरा.

ग्राफिक्स कार्ड कोटेशनमधून सरळ खोडून टाकावे. आवाजाच्या कामात त्याचा उपयोग नाहीसारखा, उलट त्याचा पंखा माइकमध्ये ऐकू येतो. ते पैसे ऑडिओ इंटरफेसला द्या. माइक आणि संगणक यांच्या मधली ही छोटी पेटी स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर घेऊन येते आणि लहान बफरवर काम करणे तिच्यामुळे जमते. शिवाय बहुतेक इंटरफेसवर गाणाऱ्याचा आवाज संगणकात न फिरवता थेट हेडफोनला देण्याची सोय असते, मग उशिराचा प्रश्नच मिटतो. संगणक बारा कोअरचा आणि माइक त्याच्याच अंगातला, अशी ध्वनिमुद्रणे मी ऐकली आहेत. खोलीतला सगळा प्रतिध्वनी अगदी विनाअडथळा उतरलेला असतो.

सॉफ्टवेअरविषयी एवढेच सांगतो की, चोरीची प्रत वापरू नका. रीपर साठ दिवस पूर्णपणे वापरून पाहता येते आणि वैयक्तिक वापराचा परवाना साठ डॉलरचा आहे. पथकातील सर्वांनी मिळून काढता येण्याजोगी ही रक्कम आहे.

आता माझ्या टेबलावरची गोष्ट. ज्यांना संस्थेचा संगणक नको, स्वतःचाच हवा, अशी मुले आईला बरोबर घेऊन कर्जासाठी बँकांत येतात. आकडा समजावा म्हणून धरू, एक लाखाचे कर्ज, व्याज दरसाल बारा टक्के, मुदत तीन वर्षे. हप्ता पडतो ३,३२१ रुपये, आणि एकूण फेड १,१९,५०० च्या पुढे. पन्नास हजारांचेच कर्ज घेतले तर हप्ता १,६६१. यातला फरक दरमहा जवळजवळ साडेसोळाशे रुपये, छत्तीस महिने. जी आई चार घरची कामे करून हा हप्ता भरणार आहे, तिला ‘सोळा कोअर लागतातच’ असे सांगण्यापूर्वी मुलाने वरचा हिशेब एकदा कागदावर मांडावा. लग्नसराईत गाण्याच्या सुपाऱ्या मिळतात, पावसाळ्यात मिळत नाहीत. हप्ता मात्र पावसाळ्यातही येतो.

ज्यांना तेवढेही झेपत नाही त्यांनी जुना संगणक जरूर पाहावा. मोठ्या कचेऱ्या आपले डेस्कटॉप काही वर्षांनी काढून टाकतात, ते बरे असतात. फक्त चिपची पिढी पाहा. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून पुढच्या चिपांवरच अधिकृतपणे चालते. सातव्या पिढीचा संगणक स्वस्तात मिळतो तो त्यामुळेच. आठव्या किंवा नवव्या पिढीचा सहा कोअरचा आय फाइव्ह मिळाला, त्यात सोळा जीबी रॅम आणि नवी एसएसडी घातली, की शिकण्यासाठी उत्तम यंत्र तयार होते.

नवा घ्या की जुना, पैसे देण्यापूर्वी दुकानातच चाचणी घ्या. आपले एखादे पूर्ण झालेले गाणे, त्यातले सगळे ट्रॅक आणि प्लगइन, पेनड्राइव्हवर न्या. प्लगइन सॉफ्टवेअरसोबत येणारेच वापरलेले असावेत, म्हणजे तिथे अडचण येत नाही. हेडफोन घरचा न्या, आणि कोणाकडून तरी इंटरफेस मागून घ्या. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून ठेवा, आणि वाय-फाय बंद करा, कारण त्याचा ड्रायव्हरही कधी कधी मध्येच प्रोसेसरला अडवून धरतो. बफर १२८ वर आणा आणि गाणे वाजू द्या. दोन मिनिटांनी थांबू नका, निदान वीस मिनिटे वाजू द्या, कारण यंत्र तापायला तेवढा वेळ लागतो. ‘टक्’ ऐकू आले तर बफर २५६ करा आणि पुन्हा तीच वीस मिनिटे. दुकानदार घाई करील, त्याला चहा सांगा. तोवर एकाने हेडफोन काढून पंख्याचा आवाज किती वाढला ते ऐकावे, आणि दुसऱ्याने बिलावर चिपचे पूर्ण नाव, रॅमच्या पट्ट्यांची संख्या आणि हमीची मुदत लिहून घ्यावी. नुसते ‘आय फाइव्ह, दहा कोअर’ असे लिहिलेले बिल मी तरी खजिनदारांकडे मंजुरीला पाठवणार नाही.

 प्रश्न असतील ते विचारावेत. कोटेशनची प्रत इथे टेबलावर ठेवली आहे.